राशनचे धान्य आणि मुलांचे वजन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे पती चौकीदार आहेत. चौघांच्या कार्डावर राशन मिळते, पण शेवटच्या आठवड्यात डाळ-भाजी आणणे जमत नाही. तरीही शाळेच्या तपासणीत सात वर्षांच्या मुलीचे वजन जास्त भरले. असे कसे? – एक आई, नंदनवन

उत्तर : ताई, यात तुमची चूक नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार (२०१३) प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम आणि त्यातून ६०० उष्मांकही मिळत नाहीत. बाकीची भूक बाजारातून भागवावी लागते आणि हात आखडला की ताटातून आधी डाळ, अंडी, दूध, भाजी जाते. मग भात, चहा-बिस्किटे आणि पाच रुपयांचा चिप्सचा पुडा यांवर पोट भरले जाते. अशा खाण्याने वजन वाढू शकते, पण उंची, रक्त आणि स्नायू यांना लागणारी प्रथिने व लोह त्यातून पुरेसे मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नये. मुलीला अनवाणी भिंतीशी उभे करा, टाचा व पाठ टेकलेली असू द्या, डोक्यावर पुस्तक आडवे धरून पेन्सिलीने खूण करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

तिचे जेवण मात्र कृपा करून कमी करू नका. शाळेतली खिचडी तिने पोटभर खावी. प्राथमिक वर्गांसाठी त्या आहाराचे प्रमाण ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे ठरलेले आहे. पगार झाला की महिन्याची डाळ आणि फुटाणे आधी भरून ठेवा. तुमच्या पत्रात तुम्ही स्वतः काय जेवता याचा उल्लेखच नाही. मुलांना वाढून आई पेजेवर दिवस काढते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तुमचे ताटही याच हिशेबात धरा.

प्रश्न : नातवासाठी अंगणवाडीतून येणारे पोषण आहाराचे पाकीट घरातली तिन्ही मुले खातात. हे चुकीचे आहे का? – एक आजोबा, कुही

उत्तर : काका, भुकेल्या मोठ्या भावंडांसमोर ते पाकीट एकट्यासाठी राखणे किती कठीण असते, याची मला कल्पना आहे. पण सहा महिने ते तीन वर्षांच्या एका बाळाला रोज लागणारे उष्मांक आणि प्रथिने यांचाच हिशेब त्यात धरलेला असतो. तिघांत वाटले की बाळाच्या वाट्याला तिसरा हिस्साच येतो. पाकीट फोडल्यावर बाळाची वाटी आधी शिजवून भरवावी. तीन ते सहा वर्षांच्या भावंडांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो, त्यांना तेथे नियमित पाठवावे.

प्रश्न : आम्ही बालाघाटहून हिंगण्याला कामाला आलो. कार्ड गावी आहे. येथे धान्य मिळेल का? – एक कामगार

उत्तर : होय. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेत कार्ड आधारशी जोडलेले असेल, तर येथील दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. काही धान्य येथे आणि उरलेले गावच्या घरच्यांनी तेथे, असेही चालते. अंगणवाडीत मुलाचे नाव घालण्यासाठी राशनकार्ड लागत नाही. तेवढे काम याच आठवड्यात करून घ्यावे.

प्रश्न : अंगणवाडीताईंनी दीड वर्षाच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावली, तर लाल रंग आला. टॉनिक सुरू करू का? – एक आई, पारशिवनी

उत्तर : टॉनिकवर पैसे घालवू नका, ताई. लाल म्हणजे दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी आणि हे तीव्र कुपोषण आहे. त्याच्या पावलावर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहा. खड्डा पडून तसाच राहिला, किंवा बाळाला ताप असेल, ते खात नसेल, सुस्त पडून असेल, तर आजच सरकारी रुग्णालयात न्या आणि पोषण पुनर्वसन केंद्राची चौकशी करा. यातले काहीच नसले, तरी दोन दिवसांच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. अशा बाळाला अंगणवाडीतून वाढीव आहार देण्याची तरतूद आहे, तो आवर्जून मागून घ्या.