आई गेल्यावर तिच्यावर गाणं लिहायचंय, पण दोन ओळींपुढे जात नाही आणि लिहिलेलं नाटकी वाटतं, काय करू?

नाटकी वाटतंय कारण बहुतेक तुम्ही दुःखावर लिहिताय, आईवर नाही. अश्रू, पोकळी, काळोख हे कुणाच्याही आईला चालतं ना, मग त्यात तुमची आई कुठून दिसणार? यमक पण घात करतं, 'आठवण' लिहिलं की हात आपोआप 'साठवण'कडे जातो. पहिल्या खर्ड्यात यमक सोडूनच द्या, बोलल्यासारखं लिहा आणि 'ती' ऐवजी 'तू' लिहा, 'ती अशी होती' म्हटलं की शोकसभेतलं भाषण सुरू होतं.

माझ्या दादाला फोन ठेवताच यायचा नाही. 'चल, ठेवू का' म्हणायचा आणि परत काहीतरी काढायचा, जेवलीस का, गाडीचं सर्व्हिसिंग केलंस का, मग परत 'ठेवू का'. तो गेल्यावर मी गाणं केलं त्यात तेच ध्रुवपद घेतलं. पहिल्या अंतऱ्यानंतर ते आलं की हसू येतं, दुसऱ्यात तो हॉस्पिटलमधून बोलतोय, धाप लागतेय तरी फोन सोडत नाहीये, आणि तिसऱ्यात त्याचा नंबर डिलीट करायचा की नाही म्हणून मीच त्याला विचारतेय, ठेवू का. ध्रुवपदात एक अक्षर बदललेलं नाही, फक्त मधले अंतरे बदललेत. तुमच्या आईचं पण असं रोजचं, अगदी फालतू वाटणारं एखादं वाक्य असेलच, ते शोधा.

चालीबद्दल एक सांगते, हे फारसं कुणी बोलत नाही. रडू आलं की गळा आवळतो आणि आधी वरचे सूर जातात, त्यामुळे जी ओळ सगळ्यात जड आहे ती तार सप्तकात नेऊ नका (मोह होतो, माहितीये), खालीच ठेवा, जवळजवळ बोलल्यासारखी, आणि तिच्याआधी श्वासाला जागा सोडा. मोबाईलवर गुणगुणून रेकॉर्ड करत जा, आवाज फाटला तरी ते पुसू नका, कुठल्या शब्दावर फाटतोय ते पुढे चाल बसवताना कामाला येतं. घरच्यांना मात्र अचानक ऐकवू नका, आधी विचारा.

आणि दोन ओळींवर अडकलात म्हणून लाज वाटून घेऊ नका हो. ब्रिटिश गायक-गिटारवादक एरिक क्लॅप्टनचा चार वर्षांचा मुलगा १९९१ मध्ये गेला, मुलावरचं 'टिअर्स इन हेवन' हे गाणं क्लॅप्टनने एकट्याने पूर्ण केलेलं नाही, पहिलं कडवं लिहून त्याने गीतकार विल जेनिंग्जला पुढचं लिहायला सांगितलं. जेनिंग्ज आधी कचरत होता, इतक्या खासगी गोष्टीवर मी कसं लिहू म्हणून, पण शेवटी लिहिलं.

तुमच्या त्या दोन ओळी कुठल्या आहेत? चालत असेल तर खाली टाका, बघू पुढे काय सुचतंय.