वाचकांचे प्रश्न: तिन्ही सामने हरूनही बादफेरीत कसे?

(कुमारांच्या बास्केटबॉल विश्वचषकाबद्दल आलेल्या पत्रांना आमचे सदरलेखक उत्तरं देत आहेत. सामन्यांत स्कोअरशीट लिहिणाऱ्या टेबलामागे त्यांची बरीच वर्षं गेली आहेत.)

प्रश्न: 19 वर्षांखालच्या विश्वचषकात एक संघ गटातले तिन्ही सामने हरला, तरी बादफेरीत दिसला. मग गटसाखळी खेळवायची तरी कशाला?

तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे. सोळा संघ, चार गट, आणि गटांतून बाहेर कोणीच जात नाही. सोळाच्या सोळा संघ पुढच्या फेरीत येतात. गटातल्या क्रमांकावर फक्त समोर कोण येणार ते ठरतं: एका गटातल्या पहिल्याला दुसऱ्या गटातला चौथा. तिन्ही सामने हरलेल्याला शिक्षा मिळते ती हीच, समोर थेट गटविजेता.

त्यातही हरलात तरी घरी जायचं नाही. नववा ते सोळावा क्रमांक ठरवायला आणखी सामने असतात. म्हणजे विजेता सात सामने खेळतो आणि सोळावा येणाराही सातच, तेही साधारण नऊ दिवसांत. मुलींच्या विश्वचषकातही हीच रचना आहे. मोठ्यांच्या स्पर्धेत मला असे क्रमवारीचे सामने कंटाळवाणे वाटतात. अठरा वर्षांच्या पोरांचे मात्र मी मुद्दाम पाहतो. पदकाचं ओझं उतरलेलं असतं, तिसऱ्या सामन्यापर्यंत बाकावर बसलेला मुलगा वीस मिनिटं खेळतो आणि त्याच्याकडे डाव्या हातानंही बास्केट आहे हे त्या दिवशी कळतं.

प्रश्न: अठरा गुणांनी पुढे असलेल्या संघानं शेवटच्या सेकंदाला थ्री (दुरून मारलेली तीन गुणांची बास्केट) मारला. हरलेल्या मुलांनी नंतर हातही धड मिळवला नाही. चूक कोणाची?

मारणाऱ्याची नाही. गटात जिंकलं की 2 गुण, हरलं तरी 1, आणि मैदानात उतरलंच नाही तर 0. गुण सारखे झाले की आधी बघतात त्या संघांचे आपापसातले सामने. गंमत तीन संघ अडकतात तेव्हा होते.

समजा अ, ब आणि क या तिघांनीही ड ला हरवलं. आपापसात अ नं ब ला 12 गुणांनी, ब नं क ला 5 गुणांनी आणि क नं अ ला 3 गुणांनी हरवलं. तिघांचे दोन विजय, एक हार. आता गुणफरक: अ +9, क −2, ब −7. शेवटच्या सेकंदाला ब नं एक थ्री कमी खाल्ला असता तर फरक −4 राहिला असता, पण ब तिसराच. त्याऐवजी क ला हरवताना स्वतः आणखी एक मारला असता तर ब −4 आणि क −5, म्हणजे ब दुसरा!

आणि ड ला कोणी पन्नास गुणांनी चेपलं असेल तर ते या हिशेबात येतच नाही. आपापसातला फरक आणि आपापसात केलेले गुणही सारखे निघाले तरच सगळ्या सामन्यांचा फरक बघतात. अर्थात कोण कोणाशी अडकणार हे पहिल्या दिवशी कोणाला माहीत असतं? म्हणून शहाणे प्रशिक्षक पोरांना सांगतात, बझर होईपर्यंत खेळा. मात्र बास्केट मारून समोरच्याच्या बाकासमोर नाचायचं, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. हात न मिळवणं त्याबद्दल असेल तर मी त्या पोरांच्या बाजूनं.

प्रश्न: माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, उंचीत बरोबरीच्यांच्या मागे. या विश्वचषकात जे चमकतात तेच पुढे मोठे होतात ना?

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. बास्केटबॉलमध्ये फार तर बुटाचा नंबर दिसतो.

1999 मध्ये लिस्बनला स्पेननं अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवलं. स्पेनच्या संघातली मोठी नावं होती नावारो आणि राउल लोपेझ. पाऊ गॅसोल बाकावरच जास्त दिसायचा. 2006 ला स्पेननं मोठ्यांचा विश्वचषक जिंकला तेव्हा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

उलट 2017 ला कैरोमध्ये कॅनडाच्या आर. जे. बॅरेटनं सतराव्या वर्षी उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध 38 गुण केले आणि पुढे चषकही जिंकला. आज तो एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, चांगला खेळाडू आहे, 2023 च्या विश्वचषकात कॅनडाबरोबर कांस्यपदकही मिळवलं. पण त्या रात्री लोकांनी ज्या सिंहासनावर त्याला बसवलं होतं, तिथे आज दुसरेच बसलेत.

माझं आवडतं उदाहरण दोन हरलेल्यांचं. 2007 ला नोवी साडमध्ये सर्बियाकडून अंतिम सामना हरलेल्या अमेरिकन संघात स्टेफ करी होता. 2021 ला लातव्हियात फ्रान्स अमेरिकेकडून 83-81 असा हरला, तेव्हा व्हिक्टर वेम्बान्यामा शेवटच्या काही मिनिटांत पाचवा फाउल झाल्यानं नियमाप्रमाणे बाहेर जाऊन बाकावर बसला होता. हे दोघे 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले. करीचे आठ थ्री, वेम्बान्यामाचे 26 गुण.

आणखी एक गोष्ट आईवडील विसरतात. वयाची रेघ 1 जानेवारीला असते. 2025 च्या स्पर्धेत 1 जानेवारी 2006 किंवा त्यानंतर जन्मलेले पात्र होते. म्हणजे जानेवारीतला आणि डिसेंबरातला, दोघे एकाच वर्षाचे धरले जातात. चौदाव्या वर्षी अकरा महिने फार असतात. मुलाचा जन्ममहिना तुम्ही कळवला नाहीत, पण वर्षाच्या शेवटाकडचा असेल तर उंचीची पट्टी दोन वर्षं कपाटात ठेवा. तोवर त्याला चेंडू हाताळणं शिकू द्या. उशिरा उंच झालेल्या गार्डला (चेंडू घेऊन खेळ चालवणाऱ्याला) ते उपयोगी पडतं, लवकर उंच झालेल्या सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) बहुतेकदा कोणी शिकवतच नाही.

प्रश्न: रिंगवर घरंगळणारा चेंडू बचाव करणाऱ्यानं हातानं उडवला. पंच गप्प!

तुम्ही एनबीए बघता, हे पत्रावरूनच कळलं. तिथे ते चालत नाही. फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात शॉट रिंगला एकदा लागला की चेंडू कोणीही उडवावा किंवा आत ढकलावा. रिंग धरून हलवायची नाही आणि खालून जाळीत हात घालायचा नाही, ही मुख्य बंधनं. या वयात अमेरिकन पोरं हे पाहून पंचांकडे हात पसरतात आणि तेवढ्यात समोरचे बास्केट करून येतात.

प्रश्न: दोन देशांचं नागरिकत्व असलेली मुलगी आज एका देशाकडून आणि पुढे दुसऱ्याकडून खेळू शकते का?

सतरावा वाढदिवस कधी आहे ते आधी बघा. त्यानंतर फीबाच्या अधिकृत स्पर्धेत एका देशाचा गणवेश घालून ती खेळली, की सहसा तोच देश कायम. तेव्हा सोळाव्या वर्षी आलेलं बोलावणं आनंदानं स्वीकारा, सतरानंतरचं मात्र घरात बसून, नीट बोलून.