'कान्तेई'मधला 'तेई'

जपानी पंतप्रधानांच्या बातम्यांत 'कान्तेई', म्हणजे पंतप्रधान कार्यालय, हा शब्द येतो. त्यातला 'तेई' कुठून आला आणि त्याचा अर्थ राजवाडा असा आहे का, असा प्रश्न आहे.

'कान' म्हणजे सरकारी. 'तेई'चं चिन्ह (邸) मूळ चिनी, तिकडे त्याचा उच्चार 'ती' आणि 'दी' यांच्या मधला. राजवाड्याशी मात्र त्याचा मुळात संबंध नाही. इ. स. १००च्या सुमारास शू शेन याने केलेल्या चिनी कोशात याचा अर्थ दिलाय तो 'मांडलिक राज्यांचं निवासस्थान' असा. चीनमध्ये हान घराण्याच्या काळात प्रांतांचे आणि छोट्या राज्यांचे लोक दरबारासाठी राजधानीत आले की जिथे उतरत, ती वास्तू म्हणजे 'दी'. आपल्याला हे चटकन कळावं, कारण दिल्लीतलं महाराष्ट्र सदन नेमकं याच कामाचं.

चिन्हाची घडणही तेच सांगते. डावा भाग उच्चारापुरता. 'तळ' आणि 'ठेंगणा' या अर्थांच्या चिन्हांतही तो त्याच कामासाठी आहे. खरी मेख उजवीकडच्या भागात. आकारावरून चिनी मुलं त्याला 'उजवा कान' म्हणतात. हाच कान डावीकडे आला तर अर्थ टेकडी, उजवीकडे असला तर नगर. मुळात ही दोन निरनिराळी चिन्हं, लिहिता लिहिता झिजून एकसारखी दिसू लागली. इथे कान उजवा, म्हणजे नगर. सातव्या शतकातला चिनी भाष्यकार येन शिगू तर 'दी म्हणजे येऊन पोहोचणं' असंच स्पष्टीकरण देतो. मला ते फार पटतं, कारण या घराचा मालक मूळचा बाहेरगावचाच असतो.

इ. स. पूर्व १८०मध्ये दाई या राज्याचा राजा राजधानी चांगआनला आला, तो थेट आपल्या 'दाई-दी'त उतरला. मंत्र्यांनी तिथेच त्याला सम्राटपद स्वीकारायला लावलं. तोच हानवंशीय सम्राट वेन. गादीवर येण्याआधी सम्राट जिथे राहत असे, त्या घराला पुढे 'छ्येनदी' म्हणू लागले, म्हणजे 'दडलेलं दी'. बीजिंगचं युंगहकुंग हे लामा मंदिर असंच सम्राट युंगचंगचं जुनं घर.

जपानने चिन्हासोबत जुना अर्थही जपला. १६३५पासून दाइम्यो सरदारांना आलटूनपालटून एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, राहावं लागे. तिथल्या त्यांच्या वाड्यांना आज 'हान्तेई' म्हणतात. इथे 'हान' म्हणजे त्यांची जहागीर. टोकियो विद्यापीठाचा होंगो परिसर कागा जहागिरीच्या अशाच वाड्याच्या जागेवर उभा आहे. तिथला १८२७चा लाल दरवाजा अजून शाबूत आहे.

बातमीचं मराठी करणाऱ्यांनी एवढं सांभाळावं: कान्तेईत पंतप्रधान काम करतात, राहण्याच्या घराला 'कोतेई' म्हणतात. दोन्हींत 'तेई' तोच. १९२९ची जुनी कान्तेई दुरुस्त करून २००५मध्ये तिचीच कोतेई केली. तेव्हा कान्तेईला सरसकट 'निवासस्थान' लिहू नये, 'पंतप्रधान कार्यालय' हेच बरोबर.