'पाणथळ' की 'आर्द्रभूमी'?

एका वाचकाने विचारले आहे की, शेतकरी 'पाणथळ' म्हणतो तेव्हा तो जमिनीचा दोष सांगत असतो, मग सरकार त्याच शब्दाने एखाद्या जागेला संरक्षण कसे देते, आणि त्याऐवजी 'आर्द्रभूमी' लिहिणे अधिक नेमके होईल का.

'पाणी' हा शब्द समासाच्या आरंभी 'पाण' होतो, जसे पाणवठा, पाणकोंबडी, पाणकणीस. 'थळ' हे संस्कृत 'स्थल'चे प्राकृतातून आलेले रूप आहे. व्युत्पत्ती इतकी सरळ असली तरी बोलण्यात हा शब्द बहुधा विशेषण म्हणून आणि तक्रारीच्या सुरातच येतो. पाण्याचा निचरा होत नाही, उसाला पाणी देऊन देऊन जी चिबडली आहे, ती जमीन पाणथळ.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांतील 'पाणथळ जागा' ही संज्ञा याहून फार विस्तृत आहे. पाणी नैसर्गिक असो वा अडवलेले, बारमाही असो वा हंगामी, साचलेले असो वा वाहते, गोडे, मचूळ असो वा खारे, ते सारे तीत येते. ओहोटीच्या वेळी सहा मीटरांहून खोल नसलेला समुद्राचा भागही येतो. मात्र नदीपात्र, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव आणि सिंचन, मत्स्यपालन किंवा मिठागरांसाठीची बांधकामे तीतून वगळली आहेत. परिणामी पावसाळाभर पाण्यात उभे असणारे भातखाचर कायद्याच्या लेखी पाणथळ नाही, आणि ज्याला बोलताना कोणी पाणथळ म्हणणार नाही ते लोणारचे खारे सरोवर २०२० पासून रामसर यादीतील, म्हणजे पाणथळ जागांच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील, पाणथळ जागा आहे. नांदूर मध्यमेश्वरचे उदाहरण तर अधिकच गमतीचे आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून ही जागा तयार झाली आणि राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरली. सिंचनाची बांधकामे वगळणाऱ्या व्याख्येत ती बसते कशी, अशी शंका येईल. पण रामसर यादीतील जागांचा नियमांत स्वतंत्र उल्लेख आहे.

'आर्द्रभूमी' हा हिंदी कारभारातला शब्द आहे. मराठीत 'आर्द्रता' म्हटले की हवेतला दमटपणाच आठवतो, आणि 'भूमी' म्हटल्यावर ठाण्याची खाडी डोळ्यांपुढे येत नाही. नेमकेपणा वाढत नसेल तर रुळलेला शब्द सोडण्याचे कारण मला दिसत नाही. 'पाणलोट क्षेत्र' हा पर्यायही काही बातम्यांत दिसतो, पण तो निखालस चुकीचा आहे. पाणलोट म्हणजे ज्यावर पडलेला पाऊस एकाच ओढ्याकडे वा नदीकडे वाहतो तो सगळा प्रदेश.

राहिला अनेकवचनाचा प्रश्न. 'पाणथळी' असे अलीकडे सर्रास छापले जाते. 'थळ' नपुंसकलिंगी असल्याने नामाचे रूप 'पाणथळे' व्हायला हवे. ते कानाला खटकत असेल, तर विशेषण विशेषणच ठेवून 'पाणथळ जागा' लिहावे.