एट्रुस्कन शवपेटीवरचं जोडपं एकाच वेळी वारलं होतं का?

प्रश्न असा होता: 'रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात सेर्वेतेरीची जी शवपेटी आहे, तिच्यावर नवरा-बायको लोडाला रेलून हसत बसलेत. दोघं एकदमच वारले होते का? नसतील, तर जो जिवंत होता त्याची मूर्ती शवपेटीवर कशी चालली? आणि यावरून तिथे बायकांना बरोबरीचं स्थान होतं असं म्हणता येईल का?'

एट्रुस्कन म्हणजे रोमच्या सत्तेआधी मध्य इटलीत नांदलेले लोक, आणि सेर्वेतेरी हे त्यांचं एक शहर. पहिल्याचं उत्तर: बहुधा नाही. दुसऱ्याचं: चालली, कुणाची काही हरकत नव्हती. तिसऱ्याकडे शेवटी येते. दुसरा प्रश्न आमच्या घरात सतरा वर्षं भांडणाचा विषय होता, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

बाबा २००४ साली मिरजेला वारले. तेराव्याला फोटो लावायचा तर बाबांचा एकट्याचा धड एकही फोटो घरात सापडेना. रेशनकार्डावरचा होता, पण त्यात ते पोलिसांना हवे असलेल्या माणसासारखे दिसायचे. चांगला असा एकच, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्टुडिओत जाऊन काढलेला. बाबा खुर्चीवर, आई बाजूला उभी, तिचा हात बाबांच्या खांद्यावर. हात अर्थातच फोटोग्राफरने ठेवायला लावलेला. चारचौघांत बाबांना हात लावायची आईची काय बिशाद!

दादा तो फोटो घेऊन गेला आणि संध्याकाळी मोठा करून, फ्रेम करून आणला. आई त्यात नव्हती. कापली होती. पण हात खांद्यावर असल्यामुळे तो काही पूर्ण कापता आला नव्हता. बाबांच्या कोटावर चार बोटं उरली होती. स्टुडिओवाल्याने ती पुसायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे धड बोटंही दिसत नव्हती आणि धड कोटही. लांबून पाहिलं तर कढी सांडल्यासारखं दिसायचं.

मी म्हटलं, अख्खा फोटो लाव ना. त्यावर काकू अंगावर आली. 'जित्या बाईच्या फोटोला हार घालतेस? काही कळतं का तुला?' दादा म्हणाला, 'अपशकुन असतो तो. तू उद्या विमानात बसशील, आम्हाला इथे राहायचंय.' आई कोपऱ्यात पाटावर बसून होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं, हे आता कबूल करते.

आता मुद्द्याचं. एट्रुस्कन लोकांइतके शकुन-अपशकुन मानणारे लोक त्या काळच्या इटलीत दुसरे नव्हते. बळी दिलेल्या मेंढीचं यकृत हातात घेऊन ते भविष्य सांगायचे. वीज आकाशाच्या कुठल्या भागात चमकली यावर त्यांचं वेगळं शास्त्र होतं. पिआचेंझाजवळ १८७७ साली शेतात नांगरताना ब्राँझचं एक यकृत सापडलं. त्यावर खाने आखून प्रत्येक खान्यात देवांची नावं कोरलेली आहेत, आपल्याकडे कुंडलीत घरं असतात तशी. रोमन लोकसुद्धा संकट आलं की एट्रुस्कन जाणकारांना बोलावून घ्यायचे. अशा लोकांना मेलेल्या माणसाशेजारी जिवंत जोडीदार बसवण्यात काही अशुभ वाटलं नाही. एकदा नाही, शतकानुशतकं वाटलं नाही. दादाला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'म्हणूनच संपले ते.' या माणसाशी वाद घालणं किती अवघड आहे ते लक्षात येईल.

तुम्ही म्हणताय ती शवपेटी इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीची, भाजक्या मातीची, जवळजवळ दोन मीटर लांब. १८८१ साली सापडली तेव्हा तिचे चारशेच्या आसपास तुकडे झाले होते. ते जुळवून ती उभी केली. तिची जुळी बहीण म्हणावी अशी दुसरी पॅरिसला लूव्रमध्ये आहे, तीही सेर्वेतेरीचीच. शवपेटी म्हणतात खरं, पण आत बहुधा अस्थी किंवा राख ठेवलेली असणार. दोघं मेजवानीच्या पलंगावर रेलून आहेत. ती पुढे, तो तिच्या मागे, त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावरून पुढे आलेला. तो उघडा, अनवाणी. तिच्या डोक्यावर टोपी आणि पायात टोक वर वळलेले बूट. हातांत काहीतरी होतं, ते गेलं. अत्तराची कुपी असेल, फळ असेल, अंडं असेल. आता नुसते हात राहिलेत, आणि दोघं समोरच्याला काहीतरी रंगवून सांगताहेत असं वाटतं. चारशे तुकडे होऊनही त्याचा हात तिच्या खांद्यावर शाबूत आहे. आमच्या स्टुडिओवाल्याने एकाच कापात हात घालवला.

तर दोघं एकदम वारले असं मानायचं काही कारण नाही. थडगं एका माणसाचं नसायचंच, घराण्याचं असायचं. सेर्वेतेरीची थडगी खडकात घरासारखी कोरलेली आहेत: दालनं, छताला आढ्याचं लाकूड असावं तसा कोरलेला दगड, झोपायला पलंग, कुठे खुर्च्यासुद्धा. एक गेलं की दार उघडायचं, आत ठेवायचं, दार लावायचं. पुढचं गेलं की पुन्हा उघडायचं. आज ना उद्या दुसरं माणूस तिथेच येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, मग मूर्ती आधी घडवली काय आणि नंतर काय. मूर्तीत दाखवला आहे तो मरणाचा क्षणही नाही, जेवणाचा आहे. मेजवानीत दोघं बसायचे तसे बसलेत. दोघांतलं आधी कोण गेलं हे त्या मूर्तीत कुठेही लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं ते मुद्दामच आहे.

हा प्रश्न मी स्वतःहून विचारला असता का कोण जाणे. तो आईने विचारला.

२०१२ साली आई आमच्याकडे बॉस्टनला आली होती. एका गारठलेल्या रविवारी तिला म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये नेलं. साडीवर माझ्या नवऱ्याचं जॅकेट, पायात मोजे आणि बूट, गुडघे दुखतायत म्हणून दर दालनात बाक शोधायचा. तिथे वुल्ची या एट्रुस्कन शहरातून आलेल्या दोन दगडी शवपेट्या आहेत, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आसपासच्या. सेर्वेतेरीचं जोडपं निदान बसलेलं तरी आहे. ही जोडपी चक्क झोपलीत. एका पांघरुणाखाली, तोंडाशी तोंड, एकमेकांच्या मिठीत. मी जरा कावरीबावरी झाले, आईला दुसरीकडे न्यावं म्हटलं. पण आईने नेमका तिथलाच बाक धरला.

'कोण गं ही?'

मी पाटी वाचून सांगितलं. एकीवर अर्न्थ तेत्निएस आणि त्याची बायको राम्था विश्नाइ. दुसरीवर त्यांचा मुलगा लार्थ आणि त्याची बायको थांखविल तार्नाइ.

'म्हणजे सासू-सून?' आई म्हणाली. 'अजून एकाच घरात?'

मी हसले. ती हसली नाही. बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, 'ह्यांच्यातलं आधी कोण गेलं?' मी पाटी परत वाचली. लिहिलेलं नव्हतं. 'बरंय,' ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, 'पांघरूण एकच आहे बघ.'

तिथे बसल्या बसल्या मी तिला फोनवर इटलीतल्या वोल्तेर्राच्या संग्रहालयातलं ते म्हातारं जोडपं दाखवलं. तुम्ही ते नसेल पाहिलं तर आधी ते पाहा, सेर्वेतेरीच्या हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा मला ते जास्त आवडतं. ते बरंच नंतरचं, इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातलं, अस्थिपात्राच्या झाकणावरचं. दोघांच्या चेहऱ्यावर सुरकुत्याच सुरकुत्या. तो समोर बघतोय, आणि ती मान वळवून त्याच्याकडे अशी बघतेय की आता काहीतरी ऐकवणारच. आई म्हणाली, 'हे मी आणि तुझे बाबा.'

आणि मग, मी काही न विचारता, 'त्या फोटोत माझी बोटं राहिलीत ना, हार घालताना मी तो जरा बाजूला ओढते. तुझा दादा परत सरळ करतो. मी परत ओढते.'

आठ वर्षं मला वाटत होतं की हे भांडण माझं आणि दादाचं आहे.

तर माझा सल्ला, तुम्ही मागितलेला नसला तरी: तुमच्या घरी असा जोडीचा फोटो असेल तर कापू नका. 'जिवंत माणसाच्या फोटोला हार नको' असं कुणी म्हणालंच तर हार घालू नका, फोटो लावा. फोटोला हार पाहिजेच असं कुठल्या पोथीत लिहिलंय? फोटो येऊन किती वर्षं झाली आणि त्याचे नियम मात्र वेदकाळापासूनचे!

आता समानतेचं. ते राहूनच गेलं होतं.

या जोडप्यांवरून 'एट्रुस्कन बायका स्वतंत्र होत्या' असे लेख निघतात आणि लोक ते भराभर पुढे पाठवतात. अर्धं खरं आहे. ग्रीकांच्या मेजवानीत घरची बायको नसायची. ज्या बायका असायच्या त्या पैसे देऊन आणलेल्या. त्यामुळे एट्रुस्कन बायका नवऱ्याशेजारी पंक्तीला बसतात हे पाहून ग्रीकांना घेरीच आली. इ.स.पू. चौथ्या शतकातला ग्रीक इतिहासकार थिओपॉम्पस लिहून गेला की या बायका परक्या पुरुषांबरोबर जेवतात, पिण्यात पटाईत असतात, आणि मुलांचा बाप कोण ते कुणालाच माहीत नसतं. हे पुढे अथेनेअस या ग्रीक लेखकाच्या ग्रंथात उतरलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. आमच्या काकूने माझ्याबद्दल वाड्यात जे सांगितलं होतं ते साधारण याच शैलीत होतं, म्हणून या थिओपॉम्पसवर माझा विश्वास शून्य. थडग्यांवर 'पुइया' हा शब्द ठिकठिकाणी कोरलेला आहे, म्हणजे बायको. अमक्याचा मुलगा लिहिताना कित्येकदा बापाबरोबर आईचंही नाव असतं. बाप माहीत नसलेल्या समाजाची ही लक्षणं नव्हेत.

नावाचीच गोष्ट घ्या. रोमन मुलीला स्वतःचं असं वेगळं नाव सहसा नसायचं, घराण्याचंच नाव स्त्रीलिंगी करून लावायचे. एट्रुस्कन बाईला राम्था, थांखविल, वेलिया असं तिचं स्वतःचं नाव होतं, आणि माहेरचं घराणंही लग्नानंतर टिकायचं. राम्था शेवटपर्यंत विश्नाइच राहिली. माझ्या आईचं लग्नात नावसुद्धा बदललं होतं. माहेरचं नाव काय ते मला दहावीत कळलं.

पण बरोबरी म्हणाल तर थांबा. सेर्वेतेरीला थडग्याच्या दाराशी दगडी खुणा रोवत. पुरुषासाठी खांब, बाईसाठी छोटं घर. आतले पलंगसुद्धा वेगळे: पुरुषाच्या पलंगाला कोरलेले पाय, बाईचा पेटीसारखा, उशाशी त्रिकोणी छपराचा. म्हणजे घर तिचंच, मेल्यावरही. अधिकारपदं कोरलेली सापडतात ती पुरुषांच्या नावापुढे. तार्क्विनिया या एट्रुस्कन शहरातल्या 'ढालींच्या थडग्या'त, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकात, भिंतीवरच्या चित्रात लार्थ वेल्खा रेललेला आहे आणि त्याची बायको वेलिया सेइतिथी पलंगाच्या कडेला ताठ बसलेली. दीडशे-दोनशे वर्षांत रेलायची बसली. शिवाय ही सगळी पैसेवाल्यांची थडगी. या जोडप्यांच्या हातात पेला देणाऱ्या दासीचा नवरा कोण, ती मेल्यावर तिला कुठे ठेवलं, याची मूर्ती कुणी केली नाही.

आणि आमच्याकडेही सगळा दोष दादाचा नव्हता, हेही लिहायला हवं. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता, तेरावं त्याच्या एकट्याच्या अंगावर पडलं होतं, आणि काकूपुढे बोलायची हिंमत आमच्या घरात फक्त बाबांना होती.

आई २०२१ साली गेली. दादाने तिचा पुतण्याच्या लग्नातला फोटो कापून फ्रेम केला आणि बाबांच्या शेजारी लावला. दोन फ्रेमच्या मध्ये पंख्याचा रेग्युलेटर आहे. मूळ फोटो, अख्खा, माझ्याकडे इथे आहे; आईनेच बॉस्टनहून परत जाताना माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला होता. मला तो तीन महिन्यांनी सापडला.

ता. क. हे उत्तर दादाने वाचलं. बाकी कशावर काही बोलला नाही. फक्त म्हणाला की चार बोटं लिहिलीयस ते चुकीचं आहे, त्याने फ्रेम खाली काढून काच पुसून मोजली, तीन आहेत.