चौदा वर्षांच्या मुलीचा इन्सुलिन पंप बदलताना जुन्या सेटिंग्ज तशाच भराव्यात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. साध्या पंपातल्या सेटिंग्ज नव्या ऑटोमॅटिक पंपात जशाच्या तशा भरायच्या का, आणि मुलीला नळी नसलेला पॅच पंप हवाय पण तुम्हाला नळीचाच पटतोय, तर काय करायचं. माझ्या मुलालाही टाइप १ डायबेटिस आहे. ऐन वाढीच्या वयात त्याचा पंप बदलला, त्या अनुभवावरून लिहितोय.

पहिल्याचं उत्तर: नाही. जुने आकडे सगळे लिहून घ्या, फोटो काढा, पण ते डॉक्टरांपुढे ठेवण्यासाठी. नव्या पंपात काय भरायचं ते त्यांनी ठरवू दे.

साधा पंप तुम्ही सांगितलेलं बेसल (दिवसभर थोडंथोडं जाणारं पायाचं इन्सुलिन) निमूट सोडत राहतो. नवे पंप अंगावरच्या शुगर सेन्सरचे आकडे बघून दर काही मिनिटांनी स्वतःच कमी-जास्त करतात, आणि प्रत्येकाचं गणित वेगळं. टँडमचं कंट्रोल-आयक्यू तुम्ही भरलेल्या बेसल आणि करेक्शन फॅक्टरच्या (एका युनिटने शुगर किती उतरते) आधारानेच चालतं. ते चुकलेले असतील तर ऑटोमॅटिकचाही तोल जातो. मेडट्रॉनिक ७८०जी स्मार्टगार्डमध्ये (त्याच्या ऑटोमॅटिक मोडमध्ये) गेला की तुमचं बेसल बाजूला ठेवतो. तिथे तुमच्या हातात मुख्यतः कार्ब रेशो (किती ग्रॅम कार्बोहायड्रेटला एक युनिट), अ‍ॅक्टिव्ह इन्सुलिन टाइम (दिलेल्या डोसाचा परिणाम किती तास धरायचा) आणि टार्गेट शुगर (१००, ११० किंवा १२०) एवढंच उरतं. ऑम्निपॉड ५ (हा पॅच पंप, त्याचा अंगावर चिकटणारा भाग म्हणजे पॉड) सुरुवातीचा अंदाज भरलेल्या बेसलवरून बांधतो आणि पुढे दिवसाला एकूण किती इन्सुलिन गेलं ते बघून दर नव्या पॉडबरोबर स्वतःला जुळवत जातो.

सगळ्यात जास्त घोळ अ‍ॅक्टिव्ह इन्सुलिन टाइममध्ये होतो. कंट्रोल-आयक्यूमध्ये तो ५ तासांवर पक्का आहे, बदलताच येत नाही. ७८०जी मध्ये बहुतेक डॉक्टर आणि त्यांची टीम २ ते ३ तास ठेवायला सांगतात. जुन्या पंपात ४ होते म्हणून इथेही ४ टाकले, तर शरीरात अजून बरंच इन्सुलिन शिल्लक आहे असं समजून पंप करेक्शन देताना हात आखडता घेतो. शुगर वरच रेंगाळते आणि घरातले म्हणतात, जुनाच बरा होता.

त्यात हे वय. पौगंडावस्थेत ग्रोथ हार्मोन आणि इतर हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. दिवसाची गरज दर किलो वजनामागे १ युनिटच्या वर जाणं नवलाचं नाही, आणि पहाटे तर ती विशेष वाढते. म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच्या सेटिंग्ज जुन्या पंपातसुद्धा शिळ्या झालेल्या असू शकतात. (मुलींच्या बाबतीत पाळीच्या आधीचे दिवस वेगळे बघावे लागतात, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.)

पंप प्रत्यक्ष बदलायचा तो सकाळी, उठल्यावर, खाण्याआधी. आधीचा बोलस (जेवणासाठी किंवा शुगर उतरवायला एकदम दिलेला डोस) शरीरात किती उरलाय हे नव्या पंपाला माहीत नसतं. तो शून्यापासून मोजतो. जेवणानंतर तासाभरात बदललात तर डोसावर डोस चढून शुगर लो होण्याची भीती. घड्याळ नीट लावा, रात्रीचं बेसल दुपारी चालू झालं तर दिवसभर कोडं सुटत नाही. ७८०जी ला ऑटोमध्ये जाण्याआधी ४८ तास मॅन्युअलमध्ये चालवावं लागतं, म्हणून परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या तोंडावर बदल नको.

पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. कॅन्युला (त्वचेखालची बारीक नळी) वाकली किंवा सेट (कॅन्युला आणि तिची नळी) निघाला तर काही तासांत कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी घातक आम्लं) वाढू लागतात. नवीन सेट, नवीन जागा, नवीन चिकटपट्टी, त्यामुळे सुरुवातीला हे जास्त घडतं. शुगर २५० च्या वर गेली आणि कारण कळत नसेल तर कीटोन तपासा. कीटोन असतील तर पंपातून करेक्शन देत बसू नका: इन्सुलिन पेनने इंजेक्शन, मग सेट बदला, आणि डॉक्टरांना फोन. उलट्या होत असतील किंवा श्वास जोरात चालला असेल तर थेट हॉस्पिटल. पेन आणि कीटोनच्या पट्ट्या शाळेच्या दप्तरातही हव्यात.

आता पॅच की नळी. मी मुलीच्या बाजूने आहे, कारण अंगावर ते तिला बाळगायचंय. कपड्यांतून नळी दिसते म्हणून मित्रमैत्रिणींसमोर बोलस टाळणारी मुलं पुष्कळ असतात, आणि जेवणाचा बोलसच दिला नाही तर कुठलंही ऑटोमॅटिक तो पूर्ण भरून काढत नाही. पण एक हिशेब तिच्यासोबत बसून करा. पॉडमध्ये जास्तीत जास्त २०० युनिट मावतात आणि तो तीन दिवसांसाठी असतो. टँडमचा टी:स्लिम एक्स२ आणि ७८०जी या नळीच्या पंपांत ३०० मावतात. तिला दिवसाला ८० लागत असतील तर पॉड अडीच दिवसांतच रिकामा होईल आणि महिन्याला लागणारे पॉड वाढतील. हा आकडा बघूनही तिला पॅचच हवा असेल तर घ्या.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोज सेटिंग्ज बदलू नका, लो होत असतील तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी टीमला कळवा. आणि मोबाइलवर तिची शुगर तुम्हाला दिसणार असेल, तर कोणत्या आकड्याला तुम्ही फोन करायचा हे पंप सुरू व्हायच्या आधी तिच्याशी बोलून ठरवा. आमच्याकडे शाळेच्या वेळेत फक्त लोला फोन, हायला नाही, असं ठरलं होतं, आणि ते मुलानेच सुचवलं होतं.