बेदाणा २५ वेळा, की ४० वेळा?

प्रश्न : मी तासगावची. बी.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. सांगलीतल्या एका एजन्सीसाठी शब्दांच्या दराने ब्लॉग लिहिते. एका बेदाणा व्यापाऱ्याच्या साइटसाठी लेख लिहिला, त्यात ‘बेदाणा खाण्याचे फायदे’ हा कीवर्ड, म्हणजे लोक गुगलवर टाकतात तो शोधशब्द, २५ वेळा घालायला सांगितला होता. तीन महिने झाले, लेख गुगलवर कुठेच दिसत नाही. आता एजन्सीचे सर म्हणतात, ४० वेळा घाल. बाबा म्हणतात, हे सोड आणि बी.एड. कर. पुण्यात डिजिटल मार्केटिंगचा एक कोर्स आहे, पण फी फार आहे. काय करू?

उत्तर : ४० वेळा घालू नकोस, एवढं आधी सांगते. एके काळी असं केल्याने पानं वर यायची. पण पानाच्या कोडमध्ये लपवलेली कीवर्डची यादी आपण क्रमवारीसाठी बघत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं. गुगलने २०११ मध्ये क्रमवारी लावण्याच्या पद्धतीत केलेल्या ‘पांडा’ नावाच्या बदलानंतर पोकळ मजकुराची पानं खाली गेली. आज तर कीवर्ड कोंबणं हा प्रकार गुगलच्या स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन लिहिलेला आहे. इतक्या वेळा घातला की पान वर येतं, असा आकडा नाहीच. शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात, एखाद्या उपशीर्षकात आणि पानाच्या पत्त्यात कीवर्ड आला की पुरे.

मराठीत आणखी एक गोची होते. कीवर्ड जसाच्या तसा यावा म्हणून ‘बेदाणा चे फायदे’, ‘सांगली मध्ये बेदाणा दर’ असलं लिहून घेतात. तू मराठीची विद्यार्थिनी आहेस, इथे अडून बस. ‘बेदाण्याचे’, ‘बेदाण्याला’, ‘बेदाणे’ ही सगळी एकाच विषयाची रूपं आहेत, एवढं आजच्या सर्च इंजिनला बऱ्यापैकी कळतं. वाचणाऱ्याला मात्र मोडकी विभक्ती लगेच खटकते आणि तो पान बंद करतो.

खरी चूक मोजणीत नाही, कीवर्ड निवडण्यात झाली आहे. ‘खाण्याचे फायदे’ या शोधावर आरोग्याच्या मोठमोठ्या साइट्स आधीच ठाण मांडून बसल्यात, आणि अशा प्रश्नांची उत्तरं हल्ली गुगल एआयकडून परस्पर वरच देऊन टाकतं. समजा तुझा लेख वर आला, तरी तो वाचणारा घरी मूठभर बेदाणे खाणारा. तो या व्यापाऱ्याकडून बॉक्सने माल घेणार आहे का?

या व्यापाऱ्याच्या दारात कोण येतं, ते आठव. एक, माल विकायला आलेला बागायतदार. दुसरा, बाहेरगावचा खरेदीदार. बागायतदार काय शोधत असेल? ‘बेदाणा काळा का पडतो’, ‘डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं प्रमाण’ (वाळवण्याआधी द्राक्षं बुडवतात त्या द्रावणाचं), ‘तासगाव बेदाणा सौदे आजचा दर’. खरेदीदार बहुधा ‘बेदाणा’ म्हणणारही नाही, ‘किसमिस होलसेल’ असं टाकेल. बरेच जण मराठी प्रश्नही रोमन लिपीत टाइप करतात, तेही तपासून बघ. शोधाच्या चौकटीत पहिले दोन शब्द टाक आणि खाली काय सुचतंय ते वहीत उतरव. मग पहिल्या पानावर काय येतंय ते उघडून बघ. दर विचारणाऱ्याला आजच्या दराचा तक्ता हवा असतो. त्याला ८०० शब्दांचा लेख दिलास तर तो परत फिरणारच. गुगल ट्रेंड्सवर दोन शब्दांची तुलना फुकट होते. फक्त तिथले ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात, शोधांची संख्या नव्हे.

बेदाणा काळा का पडतो, हे पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्याला इकडून तिकडून गोळा करावं लागेल. तुला बाबांना विचारून संध्याकाळपर्यंत लिहिता येईल, शेडमधल्या फोटोंसकट. माझ्या मते तुझं भांडवल हेच आहे.

आता नोकरीचं. शब्दांच्या दराने सरधोपट लेख पाडण्याच्या कामात पुढे फारसं काही नाही, ते एआयने खाल्लंच आहे. पण लोक काय विचारतात ते शोधून त्याचं उत्तर लिहिणारी, आणि त्याने काय फरक पडला ते आकड्यांत दाखवणारी व्यक्ती एजन्सीला हवी असते. त्यासाठी सरांकडे साइटच्या सर्च कन्सोलचा, म्हणजे साइट गुगलवर कशी दिसते ते सांगणाऱ्या गुगलच्याच साधनाचा, फक्त बघण्यापुरता ॲक्सेस माग. कोणत्या शोधावर पान किती वेळा दिसलं, किती क्लिक आले, सरासरी क्रमांक काय, हे तिथे मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. जिथे पान दहाव्या-पंधराव्या क्रमांकावर अडकलंय, तो प्रश्न घे आणि त्याचं उत्तर त्याच लेखात नीट लिही. आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट जपून ठेव. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा तेच जास्त बोलतं.

बाबांची काळजी रास्त आहे. बी.एड.ची सीईटी देऊन ठेव, त्याने काही बिघडत नाही. पण बी.एड. झालं की नोकरी ठरलेली, असं नाही. पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) आहेतच, हे त्यांनाही सांग.

कोर्सची फी आत्ताच भरू नकोस. गुगलची एसइओची (पान शोधात वर आणण्याच्या कामाची) प्राथमिक मार्गदर्शिका मोफत आहे, ती आधी वाच आणि घरच्या शेडवर स्वतःचा छोटा ब्लॉग काढून करून बघ. तरीही क्लास लावावासा वाटला तर पुण्याला जाऊन एकच विचार : खऱ्या साइटचं सर्च कन्सोल आम्हाला हाताळायला देणार का? नुसत्या स्लाइड्स दाखवत असतील, तर मिळेल त्या एसटीने तासगावला परत ये.